दहापैकी दोन

३ मार्च, सोमवार
धनलक्ष्मी सकाळच्या गाडीने माहेरी दुधनीला गेली. रागाने नाही म्हणे, कंटाळून. कारण किरकोळ. तिच्या भाचीच्या साखरपुड्यात डीजेने तिचं लाडकं गाणं लावलं आणि मी माइक घेऊन त्याला दहापैकी दोन गुण दिले. मी गणिताचा शिक्षक आहे. तोंड बघून गुण देणं मला जमत नाही.
फायदा असा, की आता घरात अखंड जॅझ. संकल्प: आठ दिवसांत वीस क्लासिक अल्बमांची क्रमवारी. ती गुरुवारपर्यंत येईलच.

४ मार्च
ट्रम्पेटवाला अल्बम पहिला. दहापैकी दहा. फक्त ए बाजू ऐकली, पण उंची तेवढ्यात कळते. पियानोवाला साडेनऊ. अर्धा गुण कापला, कारण त्याच्या नादात डाळ करपली. सॅक्सोफोनवाला काहीच समजला नाही, म्हणून नऊ.
हल्लीची गाणी: ढोल, पैंजण, परत ढोल. सरसकट दोन.
तिला फोन केला. कॉलर ट्यून तेच गाणं! पूर्ण सहन केलं. उचलला नाही.

६ मार्च, गुरुवार
आली नाही. फोन चार वेळा. क्रमवारी तीनवरच अडकली आहे, पण त्याला उन्हाळा जबाबदार. शेजारच्या चंद्रव्वांनी कडक भाकरी आणि शेंगा चटणी दिली. लक्ष्मी कधी येणार, असं विचारलं. शनिवारी, म्हणून ठोकून दिलं.

८ मार्च, शनिवार, संध्याकाळी ६
धनलक्ष्मी नाही, तिचे वडील ईश्वरप्पा, म्हणजे आमचे मामा, आले. सोबत समाजातले दोन ज्येष्ठ, एकाच्या हातात वही. पाणीसुद्धा घेईनात. यायच्या आदल्या दिशी पोरीनं आईला फोनवर सांगितलंय, सासरी जाच लई झालाय, मग आमी गप बसायचं व्हय, असं म्हणाले. पंधरा वर्षांत मी तिच्यावर आवाज चढवलेला नाही. गुण दिले, तेवढेच.
मग उजेड पडला. ती म्हणाली असणार, जॅझ लई झालाय. आमच्या तोंडात जॅझचं जाज होतं, आणि सासूबाई सावित्रम्मांच्या कानडी कानात त्याचं जाच झालं! समजावून सांगितलं. सगळे पोट धरून हसले. चहा घेतला. मामा म्हणाले, उद्याच पाठवतो पोरीला. जिंकलो होतो.
तिथेच थांबायला हवं होतं. पण पुरावा म्हणून मी ट्रम्पेटवाला अल्बम लावला. उत्साहात बी बाजू लागली. सात मिनिटं ती वाजली. मग वहीवाल्यांनी विचारलं, हे रोज लावता काय? मी अभिमानाने सांगितलं, रोज चार तास, दोन वर्षं झाली.
त्यांनी टोपी घातली. मामांना म्हणाले, सावित्रम्मानं बरुबर ऐकलं की.
वहीत काहीतरी लिहिलं आणि तिघेही गेले.

९ मार्च, रविवार
दुधनीची प्रत्येक गाडी बघून आलो. नाही.

१० मार्च
शाळेतून आल्यावर बी बाजू एकट्याने ऐकली. ओ की ठो कळलं नाही. ए सुद्धा कधी कळली नव्हती. मी इथे डोळे मिटून बसायचो, ती स्वयंपाकघरात ते गाणं गुणगुणायची आणि मी ओरडायचो, हळू जरा. जॅझ ऐकणं म्हणजे माझं एवढंच होतं. रडू आलं. अल्बमला तीन गुण, त्यातले दोन कव्हरला.
संकल्प: उद्या माफी. वाक्यं कागदावर लिहून ठेवली. सहा आहेत.

११ मार्च, मधली सुट्टी
नऊ वेळा फोन केला. म्हणजे गाणंही नऊ वेळा. तिसऱ्यांदा कळलं की ढोलामागे बासरी आहे. ती शेवटी येते, फोन कटायच्या जरा आधी. सहाव्यांदा मीच गुणगुणत होतो. शिपाई बघत होता. दहापैकी आठ. नऊ म्हटलं तरी चालेल.
नवव्यांदा, नेमकी बासरी यायच्या वेळी, तिने उचलला. आठ दिवसांनी तिचा आवाज. कागद हातात होता. आणि तोंडातून गेलं, अगं थांब की, आता बासरी येतीय.
ती म्हणाली, ऐका की मग निवांत. ठेवला.
लगेच परत लावला. स्विच ऑफ.
त्यात गाणं लागत नाही.