येळवशीला शेतात गेलेली पेटी

अप्पा, मी पोटापाण्यासाठी नेमकं काय करते हे तुम्हाला कधी धड सांगितलंच नाही. तुम्ही पाहुण्यांना सांगायचात की पोरगी पुण्यात इंटरनेट दुरुस्त करते. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, पण भाऊबंदांचा समज अजून तोच आहे. लग्नात अक्षता पडायच्या आत कुणीतरी बंद पडलेला फोन माझ्या हातात देतं. मी दुरुस्त काही करत नाही. पुढं नेटवर्कची मांडणी कशी असावी, यावर संशोधन करते. आजची मांडणी बदलायला हवी, यावर आम्हा सगळ्यांचं एकमत आहे. ती कुणी बदलणार नाही, यावरही आहे. चूल धूर करते, पण भाकरी भाजते ना, मग कशाला मोडा, असा एकूण कारभार.

आजचं नेटवर्क पत्त्यावर चालतं. हवी ती गोष्ट शेजारच्या घरात असली, तरी आपला फोन कुठल्यातरी दूरच्या ठरलेल्या यंत्राचा पत्ता धुंडाळत जातो आणि तिथून ती आणतो. माझं म्हणणं असं, की पत्ता विचारूच नये. वस्तूचं नाव घ्यावं आणि जवळपास ज्याच्याकडं असेल त्यानं द्यावी. जगात आणखीही बऱ्याच जणांना हे सुचलंय. मला ते सुचलं तुमच्या लोहाऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या खोलीत, वयाच्या अकराव्या वर्षी, तुमच्या शिव्या खाताना.

मी तुमचा डबा घेऊन आलेय. तुम्ही हात धुवायला मागं गेलाय आणि समोरच्या पाटीवर एक दिवा लागतो. मी ऐटीत तुमचा हेडफोन कानाला लावते, पलीकडून कुणीतरी डॉक्टरांना मागतं. मला डॉक्टरांचा नंबर पाठ आहे. मी बरोबर भोकात बरोबर वायर खुपसते, आणि डॉक्टरांच्या घरी घंटी वाजत राहते. तुम्ही ओल्या हातानं धावत येता, वायर उपटून दुसरीकडं लावता आणि दोन शब्दांत माणूस जोडून देता. मग माझ्याकडं वळता. "नंबर बरोबर हाय गं तुजा, पर माणूस कुठं हाय तिथं? आत्ताच खिडकीतनं मेडिकलकडं जाताना दिसला मला. घराला घंटी वाजवून काय उपेग?" मी रडले. नंबर चुकला नव्हता आणि तरी बोलणी बसली, हा मला भयंकर अन्याय वाटला होता. मग तुम्ही डब्यातली अर्धी भाकरी मला दिलीत.

तर त्या अर्ध्या भाकरीवर मी वीस वर्षं संशोधन केलं. गेल्या हिवाळ्यात ते बंद पडायची वेळ आली. अनुदान संपत होतं. तपासणी समितीनं प्रत्यक्ष चाचणी बघून हो म्हटलं तर प्रयोगशाळा चालणार, नाहीतर टाळं. मी चाचणीसाठी लोहारा निवडलं. शाळेत, वाचनालयात आणि काकांच्या किराणा दुकानात एकेक पेटी बसवली. गावाला लागणारे धडे, व्हिडिओ, माहिती त्या पेट्यांत साठवलेली, ज्याला जे हवं ते जवळची पेटी स्वतःच्या वायफायवरून त्याच्या फोनला देणार. समितीला तारीख विचारली तर सगळे दिवस भरलेले, फक्त एक मोकळा, अमावस्येचा. मी म्हटलं, विज्ञानाला कसली आलीय अमावस्या! तो दिवस पक्का केला.

अप्पा, ती येळवस होती, सगळं गाव घराला कुलूप लावून शेतात पूजेला आणि जेवायला जातं ती मार्गशीर्षातली अमावस्या. लोहाऱ्यात जन्मलेली, तुमच्या खांद्यावर बसून दरवर्षी शेतात गेलेली मी, येळवस विसरले.

समितीची गाडी गावात शिरली तेव्हा रस्त्यावर तीन कुत्री होती. दारांना कुलपं. शाळा बंद, वाचनालय बंद. लॅपटॉपवर मागण्यांची रेघ जमिनीसारखी सपाट. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, नागपूरकडचे, त्यांनी सौम्यपणे विचारलं, "इथं लोक राहतात ना?" तेवढ्यात पडद्यावरून काकांच्या दुकानातली पेटीही गायब झालेली दिसली. दुकानाला कुलूप, काकांचा फोन लागेना. येळवशीला काका कुठं असणार हे सांगायला मात्र कुठलंच नेटवर्क नको होतं. मी गाडी शेताकडं वळवायला सांगितली.

कडब्याच्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव मांडलेले, आंबिलानं भरलेलं बिंदगीचं मडकं, मिसळ भाज्यांच्या भज्जीचं पातेलं, आणि पांडवांच्या शेजारी, ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडलेली, हळद-कुंकू लावलेली माझी पेटी! मी ओरडलेच, "काका, ही इथं कशी?"

"आगं, येळवशीला घरात कुणाला ठिवतेत व्हय?" काका म्हणाले. "सगळं घर शेतात आणि ती बिचारी एकटीच कुलपात? बरं दिसतंय का?"

त्या खोलगट शेतात फोनला कधीच रेंज नसते. तरी बांधाबांधावर बायका फोनभोवती घोळका करून शाळेच्या गॅदरिंगमधले आपापल्या पोरांचे नाच बघत होत्या. पेटीनं जागा बदलली होती आणि कुणालाच ते कळलं नव्हतं. त्यांनी गॅदरिंग मागितलं, पेटीनं दिलं. मी लॅपटॉप उघडला तर रेघ बाभळीएवढी उंच गेलेली. अध्यक्ष आंबील पीत बराच वेळ ती रेघ बघत राहिले. मग म्हणाले, "पेटी हलवून बघायची ही चाचणी तुम्ही मुद्दाम आखली होती?"

माझ्या तोंडात बाजरीचा उंडा होता. मी मान हलवली. कोणत्या बाजूला ते त्यांनीच ठरवलं.

अनुदान मिळालं. प्रयोगशाळा चालू आहे. काका सांगत फिरतात की पेटीला पांडव पावले, आणि मी अहवालात लिहिलंय, ‘पूर्वनियोजित स्थलांतर, यशस्वी.’ याची लाज मला वाटते, पण थोडी. तेवढं तुम्हीही हसून सोडलं असतं.

दुसऱ्या एका गोष्टीची जास्त वाटते, आणि म्हणून हे लिहायला बसले. तुमची फार आठवण येते, हेही आहेच. अहवालाच्या शेवटी एक रकाना होता: मूळ कल्पना कुणाची. मी तिथं माझं नाव लिहिलं. तुमचं का नाही, तर तिथं छापील लेखाशिवाय दुसरं काही चालत नाही, असं मी विद्यार्थ्यांना सांगितलं, काकांना सांगितलं, आणि रकाना एका नावापुरताच होता, असंही. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून इथं लिहिते. माझ्या नावाखाली दोन ओळी कोऱ्या होत्या, अप्पा. जागा होती.