नावं ठेवणारी

आप्पा, जिंतूरच्या आपल्या दुकानात किड्यांची वर्गवारी फवारणीच्या औषधांच्या बाटल्यांवरून व्हायची. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, झाडाचा रस पिणारी सगळी पिलावळ तुमच्या लेखी एकाच फळीवरची. शेतकरी कपाशीचं आकसलेलं पान घेऊन यायचा आणि तुम्ही ते न उलटताच औषध काढून द्यायचात. मी पान उलटून म्हणायचे, यात तुडतुडे दोन तऱ्हेचे आहेत. तुम्ही म्हणायचात, "नाव कशाला लागतंय? कशानं मरतंय तेवढं सांग."

वालूरचे पाहुणे मला बघायला आले, तेव्हा पोरगी औषधाचं शिकायलीय असं तुम्ही त्यांना सांगून ठेवलं होतं. ते बिचारे डॉक्टरीण बघायला आले होते. मुलाच्या आईनं विचारलं, नेमकं काय करतेस? पोह्यांची बशी तिच्या हातात देत मी खरं ते सांगितलं, "मी किड्यांना नावं ठेवते." हसावं म्हणूनच तसं म्हणाले होते, पण कुणी हसलं नाही. त्यांची जीप वळते न वळते तोच तुम्ही म्हणालात, "ठेव तू किड्यांना नावं. अन् लोकं आमाला ठेवायलेत."

ठेवू देत. मी माझं काम सोडलं नाही. लग्न राहिलं ते राहिलं, त्याचं मला काही वाटत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात माझं टेबल आहे, त्यावर माझा सूक्ष्मदर्शक आहे. तुडतुडे दिसायला सगळे हिरवे, आप्पा. नराच्या पोटाचं टोक उघडून त्याचं जननेंद्रिय पाहिल्याशिवाय कोण कुठल्या जातीचा ते कळत नाही. हे पाहुण्यांपुढे बोलले असते तर तुम्ही घरच सोडलं असतंत. मी रोज तेच करते, आणि मान वर करून सांगते.

यंदा बांधावरच्या गवतात एक तुडतुडा सापडला, आजवर कुणीच नाव न दिलेला. सोबतचे म्हणाले, वडिलांचं नाव द्या, तशी रीत आहे. मी नाही दिलं, आपल्या गावाचं दिलं. तुमच्या मागं दुकान आता दादा चालवतो. त्याला वाटतं, मी अजून तुमच्यावर राग धरून आहे. आहेच.

पण कागदावर मी आधी तुमचंच नाव लिहिलं होतं. मग मनात आलं, आज हा गवतावर आहे. उद्या कपाशीवर आला, तर कुणीतरी आपल्याच दुकानात येईल आणि तुमचं नाव घेऊन दादाला विचारील, हे कशानं मरतंय? ते मला ऐकवलं नसतं. दादाला हे सांगितलेलं नाही, आणि हे पत्रही त्याच्या हाती लागू देणार नाही.