एकाला डोके, एकाला पाय: मशीनची शेवटची वाटणी

मी जमना, नवशा तामोरे याची बायको, राहणार चिंचणी, समुद्राकडची आळी, तालुका डहाणू, जिल्हा ठाणे, धंदा मासळी विकणे व शिवणकाम, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. नवऱ्याचे नाव मी जन्मभर तोंडाने घेतले नाही, पण कागदाला ते लागते. तो गेलेला आहे, हरकत घेणार नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दाबाखाली लिहीत नाही. माझ्यावर दाब आणणारा अजून जन्मायचा आहे.

आधी हे काम पालघरला कचेरीसमोर बसणाऱ्या लिहिणाऱ्याला दिले होते. त्याने "जड अंतःकरणाने" आणि "माझ्या लाडक्या मुलांनो" असे घातले. मी विचारले, "हे कोनाचं लिवलंस?" तो म्हणाला, "मावशी, असंच लिहितात." मी कागद तिथेच ठेवून बोईसरची गाडी धरली. मी दुसरीपर्यंत शिकले आहे. तेवढ्या अक्षरांत माझे भागते.

सगळ्यात आधी सांगते, हे लिहिण्याचे कारण माझे लोखंडी शिलाई मशीन आहे. मी डोळे मिटले की माझे दोन मुलगे, थोरला कमलाकांत आणि धाकटा बळवंत, त्याची वाट लावणार. ते होऊ नये म्हणून हा खटाटोप. बाकीची कलमे ओघाने आली आहेत.

कलम १. घर. घराची वाटणी माझ्या डोळ्यांसमोर झाली आहे आणि मधे भिंतही उभी राहिली आहे. भिंत वाकडी आहे, कारण ती दोघांनी आपापल्या बाजूने बांधली. ती पाडण्यासाठी माझ्या नावाने कोणी रडू नये. मी ज्या ओटीवर निजते ती भिंतीच्या दोन्ही बाजूंना येते. ती जशी आहे तशी सोडावी.

कलम २. मशीन माझ्याकडे कसे आले. माझा नवरा गवताच्या गंजी होडीत भरून मुंबईला नेत असे. एकदा येताना एका पारशी बाईच्या घरचे हे मशीन घेऊन आला. त्याची समजूत अशी की हे जाळे विणण्याचे यंत्र आहे. वैतरणेच्या तोंडाशी वारा फिरला, होडी भरू लागली, खलाशी म्हणाले लोखंड टाका. त्याने माझ्या सासूचे नवे पितळी घंगाळ समुद्रात टाकले आणि मशीन कवटाळून बसला. सासू त्या घंगाळासाठी मरेपर्यंत माझ्याशी भांडली, जसे काही मीच ते टाकले.

घरी आल्यावर त्याने मशीनखाली जाळे सरकवले आणि पाय मारला. जाळे त्याच्या धोतराला शिवले गेले. ते सोडवायला आळीतली माणसे जमली, आणि त्यातल्या एकाचा सदराही त्यातच शिवला गेला. दोघे संध्याकाळपर्यंत एकत्र फिरत होते. त्यानंतर नवऱ्याने मशीनला हात लावला नाही. मी लावला. चोळ्या, लहान पोरांची आंगडी, आणि मग होड्यांची शिडे. आमच्या किनाऱ्याला ज्या होड्या अजून शिडावर जातात त्यांच्या शिडाची शिवण माझी आहे. वाऱ्याला ती अजून उसवता आलेली नाही.

कलम ३. मशीनची निगा. हे मी नीट लिहिते, कारण पुढच्या माणसाने ते नीट वाचावे. खारा वारा लोखंड खातो. रोज काम झाल्यावर कोरड्या कापडाने अंग पुसावे. तेल फक्त मशीनचे, पातळ, पांढरे, प्रत्येक भोकात थेंबभर. नंतर आधी चिंधीवर चालवावे, मग गिऱ्हाइकाच्या कापडावर. पावसाळ्यात चुलीकडच्या भिंतीला ठेवावे. आतला, खालचा दोरा धरणारा धोटा होडीसारखा लांबट असतो, तो बाजारात मिळत नाही, तो हरवणाऱ्याने स्वतःही हरवून जावे.

खोबरेल घालू नये. थंडीत गोठते. आणि मुशी माशाचे तेल तर मुळीच नाही. कमलाकांत मोठा झाल्यावर एकदा मला मदत करावी असे त्याच्या मनात आले. होडीच्या लाकडाला मुशीचे तेल चोपडतात, ते त्याने मशीनला पाजले. म्हणाला, "आये, एवढी होडी त्यावर चालते, तर हे का नाय चालनार?" चालले, अगदी सुरेख चालले. पण आळीतली सगळी मांजरे माझ्या दारात येऊन बसली. बुधा मेहेरच्या पोरीची लग्नाची चोळी मी त्याच आठवड्यात शिवली होती. तिच्या वरातीत वाजंत्र्यांच्या मागे मांजरे होती. सासरच्यांना वाटले, ही माहेरची रीत आहे, त्यांनी मांजरांनाही जेवायला वाढले. बुधा आजही त्या गोष्टीवरून माझ्याकडे बघत नाही. मी सारे मशीन खोलून रॉकेलने धुतले. मुशीच्या तेलाची बाटली मी कमलाकांतच्या नावे ठेवून जात आहे.

कलम ४. कातर. माझी मोठी कातर जिवली शेजारणीने कापड बेतायला म्हणून नेली आणि तिने कोळंबीची शेंडी कापली. ती कातर तिलाच राहू द्यावी. परत आणली तर घेऊ नये, वास येतो. मात्र ती माझ्या तेराव्याला जेवायला बसली की तिच्या पानात सोललेली कोळंबी वाढू नये.

कलम ५. माझे कफन. मेलेल्याला न शिवलेले कापड घालतात हे मला ठाऊक आहे. मी आयुष्यभर शिवत आले, आणि मला सुटे दोरे लोंबणाऱ्या कापडात नेणार हे मला चालणार नाही. काठ दुमडून एक सरळ शिवण घालावी. भटजी काही म्हणाले तर त्यांना सांगावे की त्यांची कफनी मी दोनदा उसवून शिवून दिली आहे आणि त्यांनी शिलाई म्हणून आशीर्वाद दिला होता.

कलम ६. वाटणीचा खरा घोटाळा. नवरा गेल्यावर पोरांनी पंच बोलावले. आमच्याकडे होडी तोडून वाटत नाहीत. एकाला होडी, दुसऱ्याला जाळी आणि शीड, म्हणजे दोघांना बरोबर जावेच लागते. रीत शहाण्यांनी घातलेली आहे. पंच बुधा मेहेर म्हणाला, मशीनलाही तीच रीत लावू. कमलाकांतला वरचे डोके, बळवंतला खालचे लोखंडी पाय आणि चाक. मी म्हटले, "मेल्यांनो, होडी नि जाळं वेगळं चालतं. हे डोकं हाय, खालच्या पायांशिवाय ते नुसतं बघत बसनार." बुधा म्हणाला, "जमने, रीत ती रीत." वरातीची मांजरे त्याच्या डोक्यातून गेली नव्हती, हे मला तेव्हाच कळले.

पण त्यांनी चामड्याचा पट्टा आणि आतला धोटा मोजलाच नाही. ते दोन्ही माझ्या कनवटीला होते. आजही आहेत.

भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. दसऱ्याला कमलाकांत डोक्याला हार घालतो, बळवंत पायांना. बळवंतची पोरे त्या लोखंडी पायांवर बसून बस चालवतात, एका स्टॉपवरून दुसऱ्या स्टॉपवर जातात आणि कोणी तिकीट काढत नाही.

आता जे कोणाला ठाऊक नाही ते लिहिते. कमलाकांत होडीवर गेला आणि बळवंत तारापूरला बिजलीघराच्या कामावर गेला की थोरली सून नलू मशीनचे डोके मासळीच्या पाटीत ठेवते, वर सुके बोंबील पसरते आणि पाटी डोक्यावर घेऊन भिंतीला वळसा घालून धाकटी सून पारूकडे जाते. मी पट्टा आणि धोटा देते. दोघी दुपारभर शिवतात. एक पाय मारते, दुसरी कापड धरते. शिडाचे जाड कापड एकटीला आवरत नाही. संध्याकाळी डोके परत पाटीत. दोघा भावांच्या अंगातले सदरे याच मशीनवर शिवलेले आहेत. ते कुठून आले असा प्रश्न दोघांना कधी पडला नाही. या दोघी मुलांच्या शाळेचे, औषधाचे आणि नवऱ्यांच्या विड्यांचे या शिवणीवर बघतात.

आता ऐका. कमलाकांत म्हणतो, "पायाशिवाय डोकं काय कामाचं? बोईसरच्या भंगारवाल्याला देऊन टाकतो." बळवंत म्हणतो, "डोक्याशिवाय पाय काय कामाचे? मुकादमाच्या बायकोला वर फरशी बसवून कुंडी ठेवायची हाय, तिला देतो." दोघेही फक्त मी मरायची वाट बघत आहेत, कारण मी असेपर्यंत त्यांना माझ्या जिभेची भीती आहे. हा मान मी कमावलेला आहे.

कलम ७. म्हणून मी ठरवले आहे. मशीन, डोके, पाय, चाक, पट्टा, धोटा आणि सुयांची डबी, सारे मिळून, माझ्या सुना नलू आणि पारू या दोघींचे. त्यात वाटणी नाही. दोघींनी भांडावे, खुशाल भांडावे, पण मशीनसमोर बसून. कमलाकांत आणि बळवंत यांचा त्यावर हक्क नाही. सदरे शिवून मिळतील, नीट मागितले तर.

कलम ८. साक्षीदार. पालघरच्या लिहिणाऱ्याने एक कामाची गोष्ट सांगितली होती. ज्याने "आईचे डोके ठिकाणावर आहे" म्हणून सही केली, त्याला उद्या कोर्टात उभे राहून आई वेडी होती असे सांगायला तोंड उरत नाही. म्हणून साक्षीदार म्हणून मी माझ्या दोन्ही मुलांना बोलावले आहे.

सही होताना काय झाले ते मी दोघांच्या समोरच लिहीत आहे. दोघे आज घराच्या वाटणीनंतर प्रथमच माझ्या ओटीवर एकत्र बसले, सुनाही होत्या. मी म्हटले, "वाचा आधी, मग सही करा." कमलाकांत भिंतीकडे बघून म्हणाला, "त्याला वाचू दे, त्यालाच घाई हाय." बळवंत छताकडे बघून म्हणाला, "मला कसली हाव? थोरला तो हाय, तोच वाचेल." मग कोणीच वाचले नाही. हावरा कोण ते दिसू नये म्हणून दोघांनी कागदाकडे पाहायचेही टाळले.

मी आधी सही केली. मग कोणाची सही वर, यावरून चहा थंड झाला. कमलाकांत थोरला म्हणून त्याने वर केली. बळवंत म्हणाला, "मी दादाच्या खाली करनार नाय." नलू म्हणाली, "मग कागद फिरवा ना." त्याने कागद उलटा फिरवला आणि आपल्या बाजूने वर सही केली. दोघेही समाधानाने मागे टेकले.

तेवढ्यात नलू उठली. मशीनचे डोके तिने पाटीत ठेवले, बोंबील काही पसरले नाहीत, आणि भिंतीला वळसा घालून सगळ्यांच्या देखत निघाली. पारू पुढे जाऊन पायांवरची पोरे उठवू लागली. कमलाकांतने विचारले, "हे काय चाललंय?"

नलू न थांबता म्हणाली, "तुमीच तर सही केलीत."

सुनांना मी सातवे कलम आधीच वाचून दाखवले होते, पण मी मरेपर्यंत थांबा असे सांगितले नव्हते. बळवंतने कागद हातात घेतला, पण तो उलटा होता आणि मी तो काढून घेतला. दोघे भाऊ दारात उभे आहेत. बळवंत आत्ता म्हणाला, "दादा, तुला ठाऊक होतं?" कमलाकांत म्हणाला, "नाय रे. तुला?" हे शब्द मी ऐकले तसेच लिहिले. बाकी ते पुढे बोलोत न बोलोत, मला शिडाची शिवण बघायला जायचे आहे.

लिहिणार व सही करणार:
जमना नवशा तामोरे

साक्षीदार पहिला: कमलाकांत नवशा तामोरे
(आईचे डोके ठिकाणावर आहे.)

साक्षीदार पहिला, कागदाच्या दुसऱ्या बाजूने: बळवंत नवशा तामोरे
(आईचे डोके ठिकाणावर आहे. मला आता तसे वाटते.)

ठिकाण: चिंचणी, ओटीवर
मंगळवार, ता. १७ ऑक्टोबर १९६७