मागच्या माणसाचं वजन

एपुयेन,
मंगळवार, १६ एप्रिल २०१३

चि. आनालिया,
आईचा आशीर्वाद.

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझा बाप छपराचे पत्रे ठोकताना घसरला आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. पडून असतो आणि कुरकुरतो. बाकी ठीक. सफरचंदं उतरवली, बटाटे काढून झाले, करडी कोंबडी अंडी द्यायचं नाव घेत नाही.

पत्र म्हाताऱ्या सेफेरीनोच्या हाती देते आहे. त्याने पाकीट फोडलंय का ते आधी बघ. माझा त्याच्यावर विश्वास नाही. हल्ली कोणावरच नाही.

झालं असं, की खांदा मोडलेल्या माणसाला बोट कशाला, म्हणून ती रबरी बोट मी सेफेरीनोला द्यायची ठरवली. तुझा बाप खाटेवरून ओरडला, "देऊ नकोस, वाकडी चालते, म्हातारा बुडेल." ते मला ठाऊक होतं. तळ सपाट, त्यामुळे प्रत्येक वल्ह्याला नाक फिरवते. दर रविवारी सकाळी तुझा बाप तळ्यावर मासे धरायला जायचा आणि ऊन कलल्यावर परतायचा, ते याच कारणाने. "काय करू नेलिदा, सरळ चालतच नाही." सहा वर्षं मी हे ऐकलं आणि त्याचं सूप पुन्हा पुन्हा गरम केलं.

सेफेरीनो काठाजवळ फिरून आला. वारा अजिबात नव्हता, तरी बोट गरगरली. त्याने ती उलटी केली. मागच्या टोकाला, खालच्या बाजूने, वीतभर लाकडी पातं चिकटवलेलं.

"बाई, बोट सरळ चालावी म्हणून हे लावतात."

"मग चालत का नाही?"

"मी एकटा मध्ये बसलो की मागचं टोक उचललेलं राहतं. पातं हवेत. मागे कोणी बसलं की ते पाण्यात जाईल, मग बघा गंमत. ही बोट दोघांसाठी केलीय." आणि मेला गालातल्या गालात हसला.

तुझ्या बापाला विचारलं. म्हणे, "ते बोटीबरोबरच आलं होतं." पातं आपल्या मोडक्या खुर्चीच्या पाठीचं होतं, मी ओळखलं.

पहिला संशय बेकरीवाल्या सुलेमावर. विधवा बाई, आणि तुझ्या बापाला पाव देताना जरा जास्तच हसते. गुरुवारी तिला गोड बोलून बोटीत मागे बसवलं. मागचं टोक असं खचलं की मी घसरत तिच्या मांडीवर.

"नेलिदा, तुला हवंय तरी काय?"

"तुझं वजन," मी म्हटलं. दोन दिवस तिने मला पाव दिला नाही. पण ती सुटली.

मग मी बटाटे घेतले. एक पोतं ठेवलं, बोट फिरली. आणखी भर घालत गेले. बावन्न किलोंना ती सरळ निघाली, इतकी की मला हौस वाटली आणि मी वल्हवतच राहिले. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं, पुढचं दिसत नाही. दमून वळून बघितलं तर समोर तळ्यापलीकडचा तुमचा काठ, आणि दोरीवर तुझा निळा झगा वाळत होता.

बावन्न किलो. रामिरोच्या बापाने कुंपण आपल्या जमिनीत सरकवलं आणि तू त्याच रामिरोशी लग्न केलंस, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात दाण्याच्या दुकानातल्या काट्यावर तू गंमत म्हणून उभी राहिली होतीस. आकडा मीच वाचला होता.

घरी येऊन विचारलं, "शपथ मोडलीस ना? तिच्या जमिनीवर पाय ठेवणार नाही म्हणाला होतास."

"नाही ठेवला," तो म्हणाला. "बोटीतून कधी उतरलोच नाही. तीच पाण्यातून चालत यायची." आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

दोघं मिळून मला हसत होतात का? हा संशय अजून जात नाही, खरं काय ते सांग. पण फसवलंत त्यापेक्षा मला दुसरंच लागलं. सहा वर्षं तो तुझ्याकडे बघत वल्हवत होता, आणि मी चुलीपाशी होते. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, हेही मला ठाऊक आहे. मला तुझी फार आठवण येते.

माझ्या घरात पाय ठेवू नकोस, असं मी म्हटलं होतं. ते मी परत घेते.

रविवारी मी तुमच्या काठाला येते आहे. उतरणार नाही, कुंपणाचं मी विसरलेले नाही. बटाट्याची पोती ठेवली तर तासाभरात पोचेन, पण पोती आणणार नाही. बोट गरगरत येईल, दुपार होईल, सेफेरीनो काठावर उभा राहून हसेल. हसू दे.

मागची जागा रिकामी ठेवून येणारी,
तुझी आई
नेलिदा