उंबऱ्यावरचं ताट

प्रिय सौ. संजना,

इथे बेल्जियमला, ब्रूजच्या थंडीतही तब्येत धडधाकट आहे. खुशीचा खोकला गेला का?

मी साफसफाई करतो ते संग्रहालय आठशे वर्षांपूर्वी इस्पितळ होतं. तिथली माहिती मी शब्दकोश घेऊन स्वतः वाचली. गाईडसुद्धा सनावळीत चुकतात. तेव्हा कुष्ठरोग्याला शहराबाहेर ठेवत. आपण येतोय हे कळावं म्हणून तो लाकडी फळ्या वाजवत यायचा. लोक लांबूनच त्याच्या वाडग्यात पाव टाकायचे. दान पुष्कळ होतं, पण त्याच्या शेजारी कोणी बसत नसे.

वाचताना धर्मादादा आठवला. त्याच्या गोळ्या संपून तीन वर्षं झाली, रोग गेल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलंय. तरी त्याचं ताट घरामागच्या वाडीतल्या त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायचा नियम मीच केला. तू म्हणालीस, "अहो, भाऊजी माणूस आहेत, मांजर नाही." मी तुलाच अडाणी म्हटलं.

मागच्या सुट्टीत मला पाहून दादा आपणहून चार पावलं मागे सरला. मला तो त्याचा समंजसपणा वाटला.

पत्र मिळेल त्या दिवसापासून त्याला घरात, तुमच्या पंगतीला बसव. मे महिन्यात मी येईन तेव्हा मला त्याच्या शेजारी जेवायचंय. तो बसू देईल का, एवढं विचारून कळव.

तुझा,
हरेश