शेंडीवाला चेस्टनट

१२ डिसेंबर १९९६, शारजा
फ्रिज या यंत्राविषयी धर्मशास्त्र मौन बाळगून आहे, म्हणूनच आज असा अनर्थ घडला. ओल्या वाळूत निजवलेल्या माझ्या आठ चेस्टनटांच्या, म्हणजे थंड मुलखातल्या झाडाच्या बियांच्या, डब्यावर रूममेट विलीनं सुकट ठेवली. जाब विचारला तर म्हणाला, शास्त्री, दोन्ही डेडच आहेत ना! वसईचा माणूस. आमच्याच लँडस्केपिंग कंपनीत साइट सुपरवायझर. मी ऑफिसात पत्रव्यवहार बघतो. म्हणजे झाडांविषयी अधिकारवाणीनं मीच लिहितो.

१३ डिसेंबर
ओळख पटवली. खायच्या चेस्टनटाला टोकाशी शेंडी असते. हॉर्स चेस्टनट मात्र तुळतुळीत, आणि विषारी. आमचे आठही सशिख. सात्त्विक.
घरी फोन. प्रभावती म्हणाली, म्हणजे शिंगाडाच ना? उपासाचा? मग एकदम, रजेचं काय? तीन वर्षं झाली. म्हटलं, बियांना तीन महिने थंडी द्यायची आहे, मध्येच कसा येऊ? बायकोनं फोन ठेवला. पटलं असावं.

१५ मार्च १९९७
बाल्कनीतल्या कुंडीत पेरणी. संकल्प: दहा वर्षांत शारजाच्या रस्त्यांवर चेस्टनटांची सावली. मॅनेजरला तीन पानी प्रपोजल दिलं. न उघडता म्हणाला, इन्शाल्ला. मंजुरीच समजायची.

२ जुलै, दुपार
४६ डिग्री. काही उगवलं नाही. बी विचार करत असावं. विलीनं साइटवरची पाला-माती आणून कुंडीत ओतली. म्हणे खत. रजा पुढे ढकलली. पाणी कोण घालणार? विली म्हणाला, मी घालतो रे, जा ना तू. सुकट ठेवणाऱ्यावर विसंबू नये.

९ ऑगस्ट
उगवलं! एकच, पण तेजस्वी. पानांच्या कडा करवतीसारख्या, पुस्तकात आहेत तशाच. बाकीचं वाढीत सुधारेल. विली बराच वेळ बघत राहिला, बोलला काहीच नाही. मत्सर.

२ ऑक्टोबर
घरून स्वप्नालीच्या वर्गाचा फोटो. दुसरी रांग, दोन वेण्या, नाक माझं. एका क्षणात ओळखली. बापाचा डोळा! कुंडीलाही दाखवला.

८ जानेवारी १९९८
पुस्तकात आहे की चेस्टनट एकटा असेल तर फळ धरत नाही. काटेरी टरफलं येतात, आत पोकळ. जवळ दुसरं झाड लागतं. लेखकाचा संसारी पूर्वग्रह. मी इथे एकटा आहे, उत्तम चाललं आहे. संध्याकाळी चुकून दोन कप चहा केला. दोन्ही प्यायलो.

पाडवा
सकाळी शेजारची रंजिता गुढीसाठी काठी मागायला आली आणि बाल्कनीत ओरडलीच, अहो काका! घरात कडुनिंब, आणि आम्ही म्युनिसिपालिटीला घाबरत रस्त्यावरचा चोरतोय! डहाळी खुडून गेलीसुद्धा.
एक पान चावून पाहिलं. कडू.
पिचुमंद, अरिष्ट, सर्वतोभद्र. संस्कृत नावं सगळी पाठ. कंपनीच्या यादीत 'आझादिराक्टा इंडिका, चारशे नग' मीच टाइप करतो. त्याच झाडांखालची पाला-माती विलीनं कुंडीत ओतली होती.
विलीला ऑगस्टपासून माहीत होतं. बोलला का नाहीस म्हटलं, तर म्हणाला, तू त्याच्याशी गप्पा मारायचास, शास्त्री. मी कशाला मोडू?

संध्याकाळ
घरी फोन. स्वप्नालीला म्हटलं, फोटोत वेण्या छान दिसतात हं. ती म्हणाली, बाबा, त्या अपर्णाच्या. मी मागच्या रांगेत. केस कापले, चष्मा लागलाय मला.
फोटो समोर आहे. मागच्या रांगेत चष्म्याच्या तीन मुली आहेत.
मे महिन्याची रजा आज मागितली, मिळाली. पाणी विली घालेल. झाडाची काळजी नाही. विमानतळावर स्वप्नालीनं आधी हाक मारली नाही, तर मी तिच्या समोरून तसाच निघून जाईन, ही काळजी आहे.