सातव्या प्रश्नाचं उत्तर

सोमवार, ता. ४

ताई,

बारक्या बाहेरच्या खोलीत शिडीवर उभा राहून पाटी रंगवतो आहे. शिडी धरायला गेलो तर त्याने हाकललं. "दादा, तू धरलीस की जास्त हलते," म्हणाला. म्हणून आत येऊन तुला लिहायला बसलो. दार उघडं ठेवलं आहे. इथून त्याचे पाय दिसतात.

नमस्कार राहिला, तो इथे धर. भावोजींचा गुडघा कसा आहे?

दुकानावरची 'चष्मे' ही पाटी उतरवून तिथे प्रचाराची लावायची आहे. त्यावर 'आपलं आपण' एवढेच शब्द, खाली माझं नाव. अक्षर एकदा येऊन बघ. गोळ्या चालू होत्या तेव्हाच्या दोन वर्षांत बारक्याकडून अशी एक ओळ निघाली नव्हती. समोरचा न्हावी म्हणतो, तुझं सांगता येत नाही, पण पाटी नक्की निवडून येईल.

वर्तमानपत्राने सगळ्या उमेदवारांना दहा प्रश्न पाठवले आहेत. उत्तरं शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायची आहेत. माझी बहुतेक झाली. न्हाव्याला आणि शिंप्याला परवाना कशाला? केस वाकडे कापले तर गिऱ्हाईक परत येत नाही, तेवढी शिक्षा पुरे. दुकान कधी बंद करायचं ते दुकानदाराने ठरवावं. हेल्मेटचं ज्याचं डोकं त्याने बघावं. शाळेचे पैसे सरकारने आईबापांच्या हातात द्यावेत, शाळा ते निवडतील. रस्त्यासाठी कोणाची जमीन त्याच्या मर्जीविरुद्ध घेऊ नये, मग रस्ता वळला तर वळू दे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय म्हाताऱ्यांना वाचायचे चष्मे दिले म्हणून मला दंड झाला होता, तेही उदाहरण घातलं आहे. त्या दंडापायीच मी उभा राहिलो, हे लोकांना आवडतं. तुझ्या पाणी-तपासणी खात्याबद्दल नरमाईने लिहिलं आहे. 'कंत्राट देऊन पाहावं.' रागावू नकोस.

सातवा प्रश्न राहिला आहे. बघू.

तू सांगितलंस ते लक्षात आहे. सभा आटोपू दे. बारक्या जेवतो. कमी, पण जेवतो. अंडी स्वतः उकडतो, स्वतः सोलतो. "अंड्याचं झाकण माणसाने लावलेलं नसतं," म्हणतो. मला हसू आलं. तोही हसला.

उतरतो आहे. त्याचा मोजा पोटरीवर राहत नाही, घोट्याशी गोळा झाला आहे. जातो.

तुझा
वकील


बुधवार, ता. ६

चि. वकील,

चष्मे विकणाऱ्या भावाला लहानपणी हे नाव ठेवलं, ते वाया गेलं नाही. पत्र मिळालं. गुडघा बरा आहे. पाटीचं अक्षर कसं आहे ते मी विचारलं नव्हतं.

जे विचारलं होतं ते पुन्हा लिहिते, म्हणजे पत्र गहाळ झालं असं म्हणायला नको. बारक्याला इस्पितळात ठेवायला हवं. तो आपणहून जाणार नाही. रक्ताच्या दोन नातेवाइकांनी डॉक्टरांसमोर बसून तसं सांगितलं तरच ते त्याला मर्जीविरुद्ध ठेवून घेतात. आई-बाबांच्या मागे आपण दोघंच आहोत. मी गेल्या महिन्यात आले तेव्हा डॉक्टरांना सांगून गेले. तेव्हापासून तुझं 'बघू' चालू आहे.

त्या दहा प्रश्नांचा कागद इथल्या वर्तमानपत्रातही छापून आला. सातवा मी वाचला. 'मनाच्या आजारात माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध इस्पितळात ठेवण्याचा कायदा असावा का?' बाकीच्यांवर तू मला पानभर लिहिलंस.

गोळीने हात थरथरतो आणि थरथरत्या हाताला अक्षर येत नाही, म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. हे मलाही कळतं. मला थरथरत्या हाताचा भाऊ चालेल.

कंत्राटाचं म्हणशील तर, मी रोज नळांचं पाणी तपासते आणि त्यासाठी मला कोणाचं मत लागत नाही. अन्नपाण्यात कोणी काही कालवेल या भीतीने बारक्या तर मी सील करून पाठवलेल्या बाटलीतलंच पाणी पितो. सरकारी माणसावर विश्वास असलेला तुमच्या घरात तो एकटाच.

तुला सगळं ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडायचं आहे. सोड. त्याचं उपाशी राहणं त्याच्या मर्जीतलं आहे का, तेवढं मला सांग.

ताई


शुक्रवार, ता. ८, संध्याकाळ

ताई,

सभा काल दुपारी झाली. शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये. खुर्च्या कमी पडल्या. भाषण मी थोडंच करतो, लोकांना विचारू देतो. शिंपीणबाईंनी परवान्याचं विचारलं. एका निवृत्त मास्तरांनी विचारलं की सरकारने काहीच करायचं नाही तर तुम्ही निवडून येऊन काय करणार? "कमी करणार," म्हटलं. हशा झाला.

मग मागच्या रांगेतून बारक्या उठला. इस्त्री केलेला सदरा घालून आला होता. सदरा त्याचाच, पण कॉलरमध्ये मान एकटी वाटत होती.

"उमेदवारसाहेब," म्हणाला, "एखादा माणूस कोणाला त्रास न देता आपल्या घरात उपाशी बसला, तर सरकारने येऊन त्याच्या तोंडात घास कोंबावा का?"

लोक हसले. तो माझा भाऊ आहे हे पुढच्या दोन रांगांना माहीत होतं. ते हसले नाहीत.

मी म्हटलं, "नाही."

टाळ्या झाल्या. त्या दिवसातल्या सगळ्यात जास्त.

घरी येताना तो म्हणाला, "चांगलं बोललास. पण नाही म्हणताना माझ्याकडे बघितलं नाहीस. खुर्च्या लावणाऱ्याकडे बघितलंस."

"उजेड डोळ्यावर येत होता."

"खिडकी तुझ्या पाठीमागे होती, दादा."

कोपऱ्यावर त्याने विचारलं, "ताईने सांगितलंय, ना? आता तू राहिलास."

"हो."

"पण तू आज सगळ्यांसमोर सांगितलंस," म्हणाला. जरा मोकळा चालायला लागला.

मी ते टाळ्यांसाठी बोललो नाही, हे तुला तरी कळावं. दुसऱ्याला कुलूप लावायची ताकद कोणाच्याच हाती नसावी असं मला वाटतं. डॉक्टरच्या नसावी, माझ्या नसावी. ज्याच्या हाती ती जाते त्याची खात्री कोण देणार? तू देशील, तुझ्यापुरती. सगळ्यांच्या घरात तू नाहीस.

आज सकाळी प्रचाराच्या पाट्यांतली शेवटची रंगवायची होती. मी दुकान उघडायच्या आधी चहा घेऊन त्याच्या खोलीत गेलो. चहा तो घेत नाही, मी माझाच नेला होता. अंडीही त्याने परवापासून बंद केली आहेत. हे तुला सोमवारी कळवता आलं नसतं, पण बुधवारी कळवता आलं असतं. कळवलं नाही.

'आपलं आप' झालं होतं. 'ण'ची उभी रेघ त्याने वरून खाली ओढली आणि ती मध्येच वाकडी गेली. त्याने पुसली. मनगट डाव्या हातात धरलं, श्वास रोखला, पुन्हा ओढली. पुन्हा तसंच. हात थरथरत होता. गोळ्या सोडून सहा आठवडे झाले आहेत, ताई. हे थरथरणं गोळीचं नव्हतं.

त्याने हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "ब्रश खराब निघाला."

मी म्हटलं, "हो. खराबच दिसतोय."

त्यानंतर मी दुकान न उघडता डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, कारण? मी म्हटलं, जेवत नाही. आणखी? म्हटलं, तेवढंच. मग त्यांनी विचारलं, "ही संमती तुम्ही स्वेच्छेने देताय ना?" त्यांना तसं विचारावंच लागतं. मी हो म्हटलं.

तिथून वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन दहा उत्तरं दिली. सातव्यापुढे 'नाही' लिहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं तू म्हणशील. म्हण. कायदा नसावा असंच मला अजून वाटतं. आज तो नसता तर मी काय केलं असतं, माहीत नाही. होता, आणि मी वापरला.

बारक्याला अजून सांगितलेलं नाही. तो पलीकडे बसून नवा ब्रश भिजवतो आहे. मी आणून दिला.

शनिवार, सकाळ

पत्र टाकायचं राहिलं, म्हणून पुढे लिहितो.

आठ वाजता इस्पितळाची गाडी आली. दोन माणसं होती, नीट बोलत होती. बारक्याने त्यांना विचारलं, "दुसरं कोण?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी."

त्याने मान हलवली. "पाच मिनिटं द्या," म्हणाला. त्यांनी दिली. त्याने रंगाच्या डब्यांची झाकणं घट्ट बसवली, ब्रश धुतले, कापडाने कोरडे करून उभे ठेवले. बूट घालताना नाडी बांधता येईना. मी वाकलो तर त्याने पाय मागे घेतला. त्या दोघांतल्या एकाने बांधली. मग तो गाडीत जाऊन बसला.

नऊ वाजता दुकान उघडलं. उत्तरं छापून आली आहेत. पहिलं गिऱ्हाईक वर्तमानपत्र हातात घेऊनच आलं. सातवं उत्तर पटलं, म्हणाले, मत तुम्हालाच. मी त्यांचे डोळे तपासले.

भेटायची वेळ चार ते पाच आहे. मी जाईन. तो भेटेल की नाही, हे त्याच्या मर्जीवर आहे.

तुम्हा दोघांचा
भाऊ